चार गुण

पेपर तपासतो आहे
शाळेच्या व्हरांड्यात, बाकावर पाय सोडून.
सकाळची शाळा सुटली.
साडेदहालाच पत्रे तडतडायला लागलेत.

प्रश्न तिसरा : धर्मयुद्धांची कारणे लिहा. गुण चार.

बहुतेकांनी गाईडमधलं उतरवलंय :
एक, पवित्र शहर. दोन, पोपचे आवाहन.
तीन, व्यापाराचे मार्ग.
चौथं कारण कुणालाच आठवलेलं नाही,
आकडा घालून सगळ्यांनी जागा सोडली आहे,
जणू कुणी मागून येऊन बसणार आहे तिथे.

मार्चमध्ये मीही असंच शिकवलं.
नकाशातला भूमध्य समुद्र उंदरांनी कुरतडलेला,
म्हणून किनारा खडूने काढला फळ्यावर
आणि मग, का कोण जाणे,
पुस्तकात नसलेली एक लढाई सांगत बसलो.
जुलै महिना. दोन शिंगांचा उघडा डोंगर.
हजारो माणसं लोखंडात शिवलेली.
खाली तळं दिसतंय, मधे शत्रू उभा.
रात्रभर थेंब नाही,
आणि वारा पाहून पेटवलेलं वाळकं गवत.

वर्ग टक्क जागा झाला.
"लोखंडाचे कपडे, सर? अन् एवढ्या उनात?"
"पाणी कुठी हाये ते पाहूनच निंघा लागते ना बावा!"
मोतीलाल कासदेकर, एरवी महिनाभर न बोलणारा, म्हणाला,
"गवत पेटलं का पहिले धूर मारते.
आग मंग येते."
आठशे वर्षांपूर्वीची लढाई
मेळघाटच्या पायथ्याच्या पोट्ट्यांना
माझ्यापेक्षा जास्त कळली होती.

मग कुणीतरी विचारलं, "जिंकलं कोन?"

मी सांगितलं.
आणि तीस डोकी वळली,
आधी अफरोज मन्सुरीकडे,
ज्याचा बाप गावोगाव गाद्या पिंजतो,
मग दोन बाक मागे, एलिशा तायडेकडे,
ज्याची आई मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या बांधते.
कबड्डीचा गुण लागल्यावर बघतात तशी.
अफरोज हसला नाही.
बोटातली कापसाची कुसर काढत राहिला.

मी घाईने पुढचं सांगितलं :
हरलेल्या राजाला सुलतानाने बर्फाचं पाणी दिलं.
आपल्या हातचं पाणी ज्याला दिलं
त्याला मारायचं नसतं, अशी तिथली रीत.
"बर्फ कुठून आनला?" पोरं म्हणाली. "फ्रीज होता काय?"
सगळे हसले. तास संपला.

राजाच्या शेजारी बसलेल्याचं मी सांगितलं नाही.

आता हा एलिशाचा पेपर.
अक्षर किरटं, समासात शाईचा डाग.
"कारण : पाणी दूर होते.
परिणाम : राजाने उरलेले पाणी बाजूच्या सरदाराला दिले.
सुलतान म्हणाला, याला मी दिले नाही.
मग त्याला मारले.
सर, तुम्ही हे सांगितले नव्हते.
मी मामाच्या मोबाईलवर वाचले."

आणि हा अफरोजचा.
पहिला प्रश्न पूर्ण. दुसरा पूर्ण, खाली सुबक रेघ.
चौथा, पाचवा पूर्ण. जोड्या बरोबर.
मधे एक पान कोरं,
वर कोपऱ्यात फक्त तीनचा आकडा
आणि त्याच्याभोवती गोल,
इतक्यांदा गिरवलेला
की मागच्या पानावर उठलाय.

लाल पेनाचं टोपण काढतो. लावतो.
कोऱ्या पानाला शून्य देतात, हे मला माहीत आहे.
चुकीच्या उत्तराला काय देतात तेही.
न सांगितलेल्याला किती, ते कुठल्या परिपत्रकात नाही.

उठून रांजणाशी जातो.
पेला साखळीने बांधलेला,
मागच्या वर्षी दोन चोरीला गेले म्हणून.
शिपाई गेलाय, पोरं गेलीत,
अंगणात नुसतं पांढरं ऊन.
झाकण सरकवून पेला बुडवतो
आणि पितो,
कुणी दिलेलं नसताना.