इतर खर्च

वही नातीची आहे, शाळेची.
पुढच्या पानांवर तिचे तेराचे पाढे, चुकलेले,
मागून माझा हिशेब.

जमा : झाडामागं महिना पंचावन्न रुपये.
झाडं चाळीस. गटातल्या बाया अकरा.
महापालिकेचे साहेब म्हणाले,
हे पैसे लावण्याचे नाहीत, जगवण्याचे.
मेलेल्या झाडाला शून्य.

शून्य आम्हाला ठाऊक आहे, साहेब.
विडी घरकुलात जन्म गेला हजारानं मोजण्यात.
कारखान्यात रोज मूठमूठ बाजूला निघायची,
ही बारीक, ही ढिली, हिचं तोंड उघडं,
आणि त्या मुठीचं शून्य.
हे मी मनात म्हटलं.
कागदावर सही केली : सत्यव्वा कुरापाटी, खजिनदार.

खर्च :
कुदळीला नवा दांडा.
टँकर एक, मार्चात. दोन, एप्रिलात.
मेमध्ये पारा चव्वेचाळीसवर,
टँकरवाला फोन उचलेना.
नळ आमच्याकडं पाचव्या दिवशी, तोही रात्री दोनला.
अख्खी गल्ली जागी, बादल्यांचा नुसता आवाज.
रुक्मिणी सादूल दारोदार एकच घागर मागते :
"सतरा नंबर तुमच्या दारात आहे की ओ, द्या."
कुणी देतं. कुणी
कपडे धुतलेलं देतं.
झाड काही बोलत नाही.

शरफुद्दीन नदाफनं मागावरच्या चिंध्या आणून दिल्या,
पोतंभर, आळ्यात अंथरायला. ओल टिकते.
म्हणून तेवीस नंबरच्या कडुनिंबाच्या बुडाशी
चादरीतला अर्धा मोर दिसतो, मान नसलेला.
पैसे घेतले नाहीत त्यानं.
जमेत धरायचं की खर्चात, कळलं नाही.

सहा जाळ्या चोरीला गेल्या.
भंगारवाल्याकडं जाऊन आम्हीच त्या ओळखल्या,
आमच्याच आम्ही विकत आणल्या.
चारशे वीस रुपये. पावती दिली नाही.

लोक विचारतात, या वयात हे कुठून सुचलं.
काय सांगायचं.
तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याचा साचा ठेवायचा, कातरायचं,
हेच केलं.
एकदा झोप येईना म्हणून हिशेब मांडला,
दिवसाला हजार, वर्षाला तीन लाख,
पुढं मांडला नाही.
ती झाडं कुठल्या रानातली, कधी बघितली नाहीत.
पान यायचं ते पोत्यातून, सुकं, बिननावाचं.
देठाला लागलेलं, कोवळं
इतक्या जवळून पहिल्यांदा बघितलं
ते अकरा नंबरच्या करंजाचं.
तांबूस, नखाएवढं.
माझी दोन बोटं आपोआप कात्री झाली.
मग मागं घेतली.

मेच्या शेवटी साहेब मोजायला आले.
मोबाईलवर एकेकाचा फोटो.
एकतीस जिवंत.
नऊ शून्यांमधला एक शिरीष माझ्या वाट्याचा.
नवरा सिव्हिलमध्ये होता तेव्हा, सतरा दिवस.
बाया काही बोलल्या नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोपऱ्यावर गटारीच्या फटीतून एक पिंपळ आलाय.
कुणी लावला नाही, कंबरेएवढा झालाय.
साहेबांनी यादी वरखाली केली :
"हा आपला नाही. नंबर नाही याला."
"नाही ना, साहेब," रुक्मिणी म्हणाली.

त्या रात्री नळ आला.
फेरी संपल्यावर तिच्या घागरीत अर्धं पाणी उरलं होतं.
ते घेऊन ती कोपऱ्याकडं गेली.
मी बघितलं.
मी बघतेय हे तिनं बघितलं,
आणि दोघी घरी आलो.

वहीत शेवटी एक ओळ असते, इतर खर्च.
तिथं लिहिलं : अर्धी घागर.
रकमेच्या खान्याशी पेन थांबला.
नातीला उठवून विचारलं.
ती डोळे मिटूनच म्हणाली,
"रिकामं सोड अव्वा,
बाईंनी विचारलं तर बघू."