प्रॉम्प्टर

अर्जुनीच्या रस्त्याला, राइस मिलच्या काट्यावर
माझी रात्रपाळी. खोली पत्र्याची.
धानाच्या ट्रॅक्टरचा उजेड खिडकीतून आत येतो,
भिंतभर फिरतो, जातो.
टेबलावर जुनं मशीन. माऊस नाही, चित्र नाही,
काळा पडदा आणि करडी अक्षरं :
गाडी नंबर. माल एचएमटी. भरलेलं वजन. रिकामं.

मधेच कुणी न विचारता
एक ओळ माझ्या आकड्यांवर येऊन पडते :
यूएसबी सुटली.
यूएसबी जोडली.
सुटली.
काट्याची वायर उंदराने कुरतडलीय, तिचं गाऱ्हाणं.
आठ हजार चारशे वीसच्या पोटात
ती ओळ बसते, भातात खडा बसावा तशी.

भैय्यालाल खिडकीतून मान घालतो,
‘काहून वो ताई, काय बडबडून राह्यलं हे?
माह्यं वजन सांगते का आपलं दुखनं?’
कर्नल बोलतो, मी म्हणते.
‘फौजेतला?’
नाही. आतला. समोर कधी येत नाही तो.

फाटकावरचे मोतीरामकाका हटवार हसतात.
बावीस हिवाळे त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत
पडद्याआडून दुसऱ्यांची वाक्यं सांगितली.
‘दाब त्याचा आवाज, पोरी.
प्रॉम्प्टर लोकायले आयकू गेला
तं नाटक मेलं समज.’

दाबता येतो. पातळ्या आठ आहेत :
सातवर नुसती कुजबुज,
शून्यावर सगळं संपलेलं.
मी डीमेसेज लिहिलं, आडवी रेघ, एन,
आणि पुढे एक.
म्हणजे घर पेटल्याशिवाय तोंड उघडू नकोस.

पडदा स्वच्छ झाला, सारवलेल्या अंगणासारखा.
अकरा रात्री मी त्यावर वजनं मांडली.
ट्रॅक्टर आले, बंड्या आल्या,
लाखांदूरकडचा एक दहाचाकी आला.
बाराव्या रात्री एक पावती जतन व्हायला
बिडी ओढून होईल एवढा वेळ लागला.

तेव्हा त्याला विचारलं. नुसतं डीमेसेज, पुढे काही नाही.
आणि भडभडा वर सरकत गेलं सगळं :
डिस्क वाचता येत नाही. सेक्टर अमुक.
डिस्क वाचता येत नाही. पुन्हा. पुन्हा.
दर ओळीला सेकंदाचा हिशोब.
तो रोज लिहीत होता,
मीच माझ्याकडचं दार लावून घेतलं होतं.
त्याची वही गोल असते, पान संपलं की
पहिलं पुसून त्यावरच लिहितो.
पहिल्या रात्री काय म्हणाला
ते आता कुणालाच कळणार नाही.

कार्बनच्या निळ्या प्रतींवरून
मी उजाडेपर्यंत पावत्या उतरवत बसले.
दूर कुठल्या गावात मंडप होता,
हार्मोनियम तुटक तुटक येत होती.
काका चहा घेऊन आले, सांगू लागले :
‘एकडाव पडदा पेटला. खरोखरचा.
मी आतून हळूच म्हनलं, पडदा पेटला.
हिरो तसाच पुढं झाला, छातीवर हात ठेवून
मोठ्यानं म्हनते, पडदा पेटला!
लोकायनं टाळ्या वाजवल्या.’
मग?
‘मंग काय. पानी टाकलं.
पन तवापासून मले समजलं,
कवा हळू बोलाव अन् कवा बोंबलाव.’

गोंदियाहून नवी डिस्क आली.
वायरीला काळी टेप गुंडाळली.
मी आकडा लिहिला : चार.
चुकलं-बिघडलं तेवढं बाहेर सांग,
यूएसबीचं रुसणं-फुगणं वहीत ठेव.

पण लाइट गेली की तो आकडा विसरतो.
परवा पहाटे चारला गेली, आली,
आणि मी काही लिहायच्या आत
तो पहिल्यापासून सुरू झाला :
मेमरी आहे. डिस्क आहे. कीबोर्ड आहे.
काटा आहे.
एकेकाचं नाव घेऊन, खणखणीत.

काका खिडकीशी उभे, कानाला मफलर.
इंग्रजी त्यांना वाचता येत नाही.
पडद्याकडे बघत होते,
ओठ हलत होते,
आवाज नव्हता.