उद्यानाची वेळ

फाटकावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे :
सकाळी पाच ते दहा, सायंकाळी चार ते नऊ.
फुले तोडू नयेत. कुत्री आणू नयेत.
आदेशावरून.

माझ्या झोनमध्ये अशी सत्तावीस फाटकं,
अकरा माळी,
एक टँकर, आठवड्यातून तीनदा येणारा
(लग्नसराईत दोनदा),
आणि एक रजिस्टर, त्यात मी लिहिते :
लावलेली रोपे चारशे, जगलेली दोनशे बारा.
हिरवळ समाधानकारक.
झोपाळा क्रमांक दोन, साखळी नाही.

मानेवाड्याच्या पलीकडे त्रेसष्ट नंबरचा भूखंड.
मंजूर नकाशात कुणीतरी तो हिरव्या पेन्सिलीनं भरला
तेव्हा तिथं तुरीची धसकटं होती.
मग विटा, रेती, मंडपवाल्याच्या कमानी,
कुणाची तरी म्हैस.
सुमतीबाई हेडाऊ, निवृत्त शिक्षिका,
नऊ वर्षं अर्ज करत राहिल्या,
एकेका अर्जाची पोच प्लास्टिकच्या पिशवीत जपून.
म्हणून आज तिथं बाग आहे.
कोनशिलेवर सतरा नावं आहेत.
त्यांचं नाही.

मे महिना, पारा शेहेचाळीसवर.
दुपारी एकला मी न सांगता तपासणीला गेले.
साखळी फाटकाला गुंडाळलेली,
कुलूप साखळीला लटकलेलं,
लांबून सगळं नियमात.
हात लावला तर फाटक उघडं.

आत, जुन्या कडुनिंबाखाली,
जेवणाचे डबे पोचवणारी चार पोरं, तोंडावर दुपट्टे,
भंगार वेचणाऱ्या दोघी, पोत्याची उशी करून,
मीटरचं रीडिंग घेणारा एक, वही छातीवर.
झोपलेले. इतके झोपलेले
की मी चप्पल उचलून चालले.

निनावे माळी हातातला पाइप सोडून उभा राहिला.
"लावतो मॅडम, आत्ता लावतो कुलूप.
पण मंग सावली अंदर राह्यते
अन् मानूस बाहेर."

मी माझ्या बाकांकडे पाहिलं.
सहा बाक, सिमेंटचे, वाटेच्या कडेनं सारख्या अंतरावर.
कागदावर किती देखणे दिसले होते.
सहाही उन्हात. एकावर कुणीतरी
गव्हाच्या कुरडया वाळत घातलेल्या.

"दुपारची सावली कुठी कुठी जाते, पाह्यलं का तुमी?"
नव्हतं पाहिलं.
त्यानं विटेच्या तुकड्यानं जमिनीवर रेघा ओढल्या होत्या :
एकची, दोनची, तीनची.
"साडेतीनले भिंत टपते.
पल्याड इस्त्रीवाल्याचा ठेला हाय.
तेवढी आपल्या हद्दीबाहेर."

रजिस्टरमध्ये त्या दिवशी लिहिलं :
कुलूप सुस्थितीत.

यंदाच्या आराखड्यात कारंजं आहे,
सेल्फी पॉइंट आहे,
संत्र्याच्या फोडीसारखी प्रवेशकमान आहे.
मी पश्चिमेला सात झाडं वाढवली, पाच कडुनिंब, दोन करंज,
आणि पेन्सिल आडवी धरून
त्यांच्या पूर्वेचा भाग काळा केला.
साहेबांनी चष्मा वर सरकवला.
"हे काळं काय?"
सावली, सर.
"कोणत्या वर्षाची?"

ते हसले. वाईट नाही हसले.
मग आम्ही दोघांनी दरसूची चाळली.
मुरूम आहे, पोयटा माती आहे,
काटेरी तार आहे, मीटरच्या हिशेबानं.
सावलीचा दर नाही.
खड्ड्याचा आहे. तीन बाय तीन बाय तीन.
सात खड्डे मंजूर झाले.

निनावे फेब्रुवारीत रिटायर होतोय.
टँकरवाल्याचा मोबाइल नंबर त्यानं
पाटीच्या मागच्या बाजूला
ऑइलपेंटनं लिहून ठेवलाय.
एक आकडा दोनदा गिरवलेला,
तीन आहे की आठ
ते येऊन विचारावं लागेल.