पाय मोकळे

मंगळवारी सातला मी हॉल उघडते.
स्प्रेचा नदीचं धुकं दारापर्यंत आलेलं,
कुलूप गोठलेलं; तोंडाची वाफ द्यावी लागते त्याला.
मग हीटर, मग दिवे (चौथा उशिरा, कुरकुरत),
मग जमीन. मंगळवारी ती दोनदा पुसायची.
बाकीच्या दिवशी हिच्यावर बूट नाचतात,
शाळेची पोरं, कराटेवाले, एकदा तर अख्खं लग्न.
मंगळवारी ह्या लाकडावर माणसं बसणार,
तळहातांनी वल्हवत जाणार.
मागच्या हिवाळ्यात एक कुसळ मेव्लुदिनच्या हातात गेलं.
तो काही बोलला नाही.
मीच आठवडाभर बोलत होते, जमिनीशी.

एकेक येतात. भिंतीला टेकून पट्टे सोडतात,
आणि भिंतीपाशी पाय उभे राहतात ओळीनं:
एकात अजून मोजा,
एकाच्या बुटाला गोठ्याचा चिखल,
मेरिमाच्या पायावर नेलपॉलिशनं काढलेली मांजर.
"चला, पाय मोकळे करू," फिक्रेत दर मंगळवारी म्हणतो
आणि दर मंगळवारी एकटाच हसतो.

बोस्नियातला असा पाय दिसला
की पाहुणे आवाज खाली आणून विचारतात: युद्धात?
मेव्लुदिनचा, हो. म्हणजे युद्ध संपल्यावर,
शहाण्णवच्या सप्टेंबरात, आलुबुखारे वेचताना.
फिक्रेतचा साखरेनं नेला.
सेनाहिदचा लाकूडगिरणीनं,
जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं असताना.
मेरिमा तशीच जन्मली. ती सांगते, शार्कशी लढले.
समुद्र तिनं अजून पाहिलेला नाही.

खेळ सुरू झाला की मी बादली घेऊन दाराशी.
व्हॉलीबॉलच तो, पण बसून; जाळी खाली आणलेली.
मला नियम एकच कळतो:
चेंडूला हात लावताना बूड जमिनीवरून सुटता कामा नये.
सुटलं की शिट्टी. "उठलास!" पंच ओरडतो,
जणू खिशातला हात पकडला.
दवाखान्यात महिनोन्महिने ह्यांना एकच ऐकवलं, उठा, उठा.
इथे उठलं की गुण जातो.

गेल्या मंगळवारी बारावा आला नाही.
सेनाहिदची गाय व्यायला टेकली होती.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी म्हटलं, मला काढता पाय घेऊ द्या, बाबांनो.
"काढते पाय आमच्याकडे आहेत, रासेमा. तू बस."
म्हटलं, माझे दोन आहेत. चालतील?
"सांभाळून घेऊ," मेरिमा म्हणाली.

बसले.
एकवीस वर्षं ह्या हॉलात, आणि बसले कधीच नव्हते.
पुसताना जिच्यावर मी कोपर टेकते ती जाळी
खालून पाहिली तर पार दिव्यांपर्यंत गेलेली.
आणि दोन पाय म्हणजे काय अडगळ!
लांब केले तर पलीकडच्यांच्या अंगणात,
दुमडले तर हाताला जागा नाही.
बाकीचे पाणनिवळीसारखे सर्रकन इकडून तिकडे,
मी पोत्यासारखी, तोंड बांधलेल्या.
शिट्टी. उठलीस.
शिट्टी. उठलीस.
आई म्हणायचीच, हिचं बूड एका जागी ठरत नाही.

मग एक चेंडू आला, उंच, आळशी,
मला वाटलं दुसऱ्या कुणाचा तरी.
हात वर गेले. बूड राहिलं.
चेंडू जाळीवर आपटला, वरच क्षणभर बसला
आणि पलीकडे पडला.
मेव्लुदिननं माझ्या पाठीवर अशी थाप मारली
की अजून दुखते.

नऊला पाय चढले, पट्टे आवळले,
जिना उतरताना सगळे पुन्हा सावकाश झाले.
मी पुसायला घेतलं.
सगळीकडे तळव्यांचे ठसे, एका फडक्यात जाणारे,
आणि मागच्या कोपऱ्यात टाचांच्या दोन काळ्या रेघा.
माझ्या.
त्यांनाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

सेनाहिदला कालवड झाली.
पुढच्या मंगळवारीही तो यायचा नाही, मेरिमानं कळवलं.
मी विचारलं नव्हतं.