तीन स्क्रू

उदगीरच्या जनावरांच्या दवाखान्यात
डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली :
खुराच्या जरा वर दोन हाडं
एकमेकांना खात बसलेली.

"मधली कूर्चा खरवडून काढू.
पट्टी, तीन स्क्रू.
हाडाला हाड धरेल.
मग तिथं वाकणार नाही,
दुखणारही नाही."

मकबूलचाचांनी एवढंच विचारलं,
"वरातीत नाचंल का मंग?"

बाई हात पुसत राहिल्या.

प्लास्टर, कडबा, माशा. चार महिने.
आज नगिना शहाबादी फरशीवरून चालली.
आम्ही डोळे मिटून टापा ऐकल्या,
एक, दोन, तीन, चार
आणि चौथी सुद्धा तेवढीच जड.

बँडवाल्याचा फोन दोनदा वाजून थांबला.
चाचांनी घुंगरांचा पट्टा खुंटीवरून काढला,
तेल लावलं,
परत खुंटीलाच अडकवला.