अनुस्वाराचे पैसे

नारळी पुनवेला बारा दिवस.
हर्णैच्या वाळूवर होड्या अजून झापांखाली,
आणि सगळ्यांना नावं आजच हवीत.

अक्षराला चाळीस रुपये.
काना, मात्रा, वेलांटी त्यातच.
अनुस्वाराचे दहा वेगळे,
टिंब गोल यायला हात थांबवावा लागतो.
लक्ष्मण चोगले हुज्जत घालतो,
"टिंबाचे कसले? माशी बसली तरी तेवढं उमटतं."
मी म्हणतो, मग तुझी गंगा गगा राहील,
बघ, चालत असेल तर.
हसतो. बिडी देतो. पैसे देत नाही.

नंतर होडेकरांची 'अल-मदिना'.
तिचा हिरवा वाटीभर उरला
तो झाकण लावून घरी नेतो.
तसाच 'गजलक्ष्मी'चा तांबडा, 'दर्यादौलत'चा निळा.
दाराआड प्लायवूडचा तुकडा आहे,
त्यावर सात वर्षं एकच लाट.
उठली आहे, पडत नाही.
सुगंधा म्हणते, फोड तिला एकदाची,
नाहीतर दार तरी पुरतं उघडू दे.

आणि ती वही.
आसूदच्या बुवांनी दिलेली, चौकटी आखलेली.
रोज एकशे आठदा नाम लिही म्हणाले,
डोळ्यांपुढे दुसरं काही आणू नकोस.
दिवसभर नावंच लिहून आलेला हात
टर्पेंटाइननं पुसून बसतो,
सदतिसाव्या चौकटीत पेंगतो,
आणि जाग आली की अक्षराला बारीक सावली देतो,
होडीवर देतो तशी, लांबून उठून दिसावं म्हणून.
बुवांना वही दाखवली.
म्हणाले, "कुणाला दिसायचंय लांबून?"

मला उत्तर आलं नाही.

काल ओहोटीला, चोगल्याची होडी ढकलायच्या आधी,
मी तिच्या नाळेपाशी परत गेलो.
पाऊस उघडला होता, फळी तासाभरापुरती सुकी.
'गगासागर'.
सहा नंबरचा ब्रश, पांढरा रंग,
श्वास धरून पहिल्या ग-च्या डोक्यावर
एक ठिपका ठेवला.
किती वेळ लागला सांगता येत नाही.
तेवढ्यात ना चोगले आठवला, ना लाट,
ना चौकट कितवी.

ब्रश धुताना सगळं आठवलं.
पलीकडून कुणी हाकारलं,
"पेंटर, आमचा नंबर पुसट झालाय,
फिशरीजवाला उद्या येतोय!"

आकड्यांना टिंब नसतं.
मी दर सांगितला.