१९८७ अ, १९८७ ब

मंगळवारी दोन ते चार, तिसरा मजला,
तार्तूच्या विद्यापीठाचं ग्रंथालय.
दारावर कागद चिकटवलाय: संदर्भ-मदत.
आत मी, विर्वे, आणि एक किटली.

खाली एमायोगी नदी अर्धी गोठलेली.
लोक येतात ते गाल धरून,
दाताच्या डॉक्टरकडे यावं तसे.
"कुठलं चांगलं?" हाच पहिला प्रश्न.

मी सांगते, बाबांनो,
एंडनोट आहे, इस्पितळवाले वापरतात,
पैसे त्यांच्या वतीनं दुसरं कुणी भरतं.
मेंडली आहे, नीटनेटकं,
फक्त तुमचं कपाट त्यांच्या घरात.
झोटेरो फुकट आहे,
आणि फुकट म्हटलं की लोक आधी संशय घेतात.
पदार्थविज्ञानवाले माझ्याकडे फिरकत नाहीत.
ते साध्या फायलीत सगळं लिहितात
आणि रात्रभर महिरपी कंसांशी भांडतात.

काम सगळ्यांचं एकच:
वाक्य संपता संपता, पूर्णविरामाच्या अलीकडे,
हळूच एक नाव ठेवायचं.
कुणाकडून काय उसनं आणलं त्याची चिठ्ठी.

तार्वो नावाचा सर्जन आला होता,
दोनशे बारा संदर्भ, सगळे आकड्यांत.
तिसऱ्या पानावर एक नवा घुसवला
तर पुढचे सगळे एकेक घर सरकले,
बाकावरच्या माणसांनी जागा करून द्यावी तसे.
तो पुन्हा काढायचा, पुन्हा घालायचा,
पोटं शिवणारा माणूस, पोरासारखा हसत.

हेल्वेबाई मात्र सहाशे नोंदी हातानं टाइप करतात.
म्हणतात, आमचा डोक्यावर लाट असलेला ओ
एकदा एका यंत्रानं गिळला होता.
एकदाच. वीस वर्षं झाली.
बाई विसरत नाहीत.

मग मारिका. दलदलीवर प्रबंध.
तिचे मार्गदर्शक, हेल्दुर, शरदात गेले.
मागे एक जाडजूड संगणक,
त्यात एकोणीस वर्षांच्या तीन हजार नोंदी,
ज्या आता कुणी उघडत नाही अशा प्रोग्रॅममध्ये.

त्या इकडे आणायला आम्हाला दोन मंगळवार लागले.
आल्या. काही लेखकांची आडनावं आधी, काहींची मागे,
आणि एका रकान्यात म्हाताऱ्याचा आवाज:
यावर भरवसा ठेवू नये.
हे मीच लिहिलंय, तरीही.
बर्फ गेल्यावर पुन्हा मोजणे.

यंत्र म्हणालं, एकशे अठरा नोंदी दुहेरी आहेत.
एकत्र करायच्या?
मारिका हो, हो, हो दाबत गेली.
सत्तेचाळिसाव्याला बोट थांबलं.
१९८७ चा लेख, दलदलीतल्या पाण्याच्या पातळीवरचा.
एक नोंद तिची. एक त्यांची.
त्यांच्या रकान्यात:
मारिकाला दाखवणे. तिचंच मोजमाप बरोबर निघेल.

तिला कुणी दाखवलं नव्हतं.

यंत्र वाट बघत होतं, कुठली ठेवायची ते सांगा.
तिनं खिडकी बंद केली.
मी चहा ओतला, साखर विचारायला विसरले.

वसंतात उप्सालाच्या परीक्षकाचा शेरा आला:
पान चौऱ्याण्णव, १९८७ अ आणि १९८७ ब
हा एकच लेख आहे. दुरुस्त करावं.
माणूस चूक नव्हता.
एका मिनिटाचं काम, मी जागा दाखवली.

ती म्हणाली, असं होईल का,
कागदावर एक, आणि आत दोन?

होतं, म्हटलं. एक बटण आहे,
ते मजकुराचे सगळे दुवे तोडतं.
मग आकडा नुसता आकडा, नाव नुसतं नाव,
पुढे काही बदललं तर आपोआप काही सरकणार नाही.
आधी प्रत काढून ठेव, म्हटलं. मागे फिरता येत नाही.

तिनं प्रत काढली. बटण दाबलं.
मग पान चौऱ्याण्णववर जाऊन
'अ' खोडला,
आणि 'ब' खोडायला
बराच वेळ लावला.

दारात पुढचा मुलगा उभा, ओले बूट, हातात लॅपटॉप.
"कुठलं चांगलं?"
बस, म्हटलं. आधी सांग,
कुणाकुणाचं घेतलंयस?